अंगणातले प्रमुख

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२५

प्रिय आशा,

परवा फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडत होतो. शेवटी तू "बरं बरं" म्हणून फोन ठेवलास, तेव्हा कळलं की तुला काहीच ऐकू आलेलं नाही. त्या तापात तुझे कान इतके गेले असतील असं वाटलं नव्हतं. मोबाईलवर लिहावं तर तो तुझ्या सुदर्शनचा, त्याच्या कामाचा. म्हणून हे पत्र. तू फुलंब्रीला गेल्यावर पहिली काही वर्षं आपण लिहायचोच की.

बातमी मोठी आहे. आमचा विश्वजित वाळूजच्या कारखान्याचा प्रमुख झाला. सहाशे माणसं त्याच्या हाताखाली. तेहेतिसाव्या वर्षी! आमच्या ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

मला मात्र आपलं अंगण आठवलं. तुम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचात, संध्याकाळी गल्लीतली पोरं जमवून मी मंडळ चालवायची. दर महिन्याला पोरांनी आपला प्रमुख निवडायचा. एकदा विश्वजित, एकदा तुझा सुदर्शन, तिसऱ्याला कुणी मत देत नसे. प्रमुखानं खाऊ सगळ्यांत शेवटी घ्यायचा, भांडणात दोघांचंही ऐकायचं, आणि अर्ध्यात सोडून घरी पळायचं नाही. लोक हसायचे, बाई पोरांना पुढारी करताहेत म्हणून. मी म्हणायची, हो, करतेय.

सुदर्शन त्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, म्हणजे आता त्याची काळजी सोड. घरचाच माणूस वर बसलाय. कारभारींना नमस्कार.

तुझी,
मीनाक्षीताई


फुलंब्री
२२ जून २०२५

मीनाक्षीताई, पाया पडते.

पत्र रूपानं वाचू का म्हणून विचारलं, मी नाय म्हणलं. सून चांगली हाय पण तुमचं पत्र मीच वाचणार. लई आनंद झाला. मालकांना सांगितलं तर ते म्हणले, पोरगं लहानपणीच साहेबासारखं चालायचं.

सुदर्शनला विचारलं, तुला ठावं होतं का? मान हलवून "व्हय, आपला विश्वा" म्हणला असंल, ओठांवरून तसंच वाटलं, आन् भाकरी मोडत बसला. त्याचं असंच झालंय, घरात बोलत नाय. रविवारी कंपनीतली माणसं येत्यात, त्यांच्यासंगं बोलतो. ओसरीवर इतक्या चपला पडत्यात की लग्नघर वाटावं. दोस्तमंडळी हाय त्याची.

एक गोष्ट सांगू का? सांगावं की नाय कळंना. प्रेसवर सत्यम नावाचा पोरगा हाय, वैजापूरकडचा, माझ्या माहेराजवळचा. त्याची दोन बोटं मशिनीत गेली. सुदर्शननं मला खाणाखुणा करून सांगितलं की मशिनीत हात गेला तर मशीन आपोआप थांबंल असा सेन्सर असतो, पण माल लवकर निघावा म्हणून तो बंद ठेवत्यात. ताई, विश्वजितच्या कानावर घाला. त्याला ठावं नसंल. नवाच हाय तो.

मोनिका दुसरीत गेली. आजीच्या कानात ओरडायचं काम तिच्याकडं.

तुमची,
आशा


पुंडलिकनगर
१४ जुलै २०२५

प्रिय आशा,

सांगितलं मी त्याला. जेवताना सांगितलं, कारण बाकी वेळी तो सापडत नाही. त्यानं हातातला घास खाली ठेवला. "आई, हे तुला कुणी सांगितलं?" म्हणाला. मी तुझं नाव घेतलं. मग म्हणाला, "बघतो. पण कंपनीच्या गोष्टी घरात नको आणू."

बघतो म्हणालाय ना, मग बघेलच. लहानपणी झाडावर अडकलेला पतंग काढून देतो म्हणाला की काढल्याशिवाय जेवायचा नाही, तुला माहीतच आहे. त्या सत्यमच्या आईला सांग, काळजी करू नका.

तो जरा वाळलाय. पुण्याहून मोठे साहेब सारखे येतात. मी काही विचारत नाही. सूनबाई स्वराली माहेरी आहे बाळंतपणाला, त्यामुळे माझाच स्वयंपाक, आणि तोही निम्मा उरतो.

सुदर्शनची दोस्तमंडळी दर रविवारी चहा पितात म्हणजे रूपाचे हाल आहेत! त्याला म्हणावं, बायकोलाही विचार कधी.

तुझी,
मीनाक्षीताई


फुलंब्री
३१ ऑगस्ट २०२५

मीनाक्षीताई, पाया पडते.

तुम्हाला सगळं कळलं असंल. नसंल तर मी सांगते. सुदर्शनला कंपनीनं कामावरून थांबवलंय. निलंबित म्हणत्यात.

ती चपलांची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली. ती नुसती दोस्तमंडळी नव्हती. सुदर्शन युनियनचा सेक्रेटरी हाय, दोन वर्षं झाली. मी लिहिलं नाय, कारण विश्वजित मोठा साहेब झाल्याचा तुम्हाला इतका आनंद झालेला, त्यात माझ्या हातानं खडा कशाला टाकायचा?

सत्यमनंतर आणिक एकाचा हात थोडक्यात वाचला. मग सुदर्शननं सगळ्यांना सांगितलं, सेन्सर चालू केल्याबिगर प्रेसवर हात लावायचा नाय. प्रेस बंद पडल्या. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. ते बघून अख्खी शिफ्ट बाहेर आली आन् गेटसमोर बसली. अजून बसलीया. सुदर्शन तिथंच झोपतो.

बाहेर काढायच्या कागदावर विश्वजितची सही हाय, असं रूपा म्हणाली. सुदर्शननं तिला सांगितलं. मला राग नाय आला ताई. मी आपली बसून राहिले. दोघं एका ताटात खाल्लेली पोरं.

तुम्ही एक शब्द बोला. तुमचं ऐकल तो.

तुमची,
आशा


पुंडलिकनगर
७ सप्टेंबर २०२५

आशा,

मला यातलं काही माहीत नव्हतं. पेपरात गेटवरची बातमी आली, त्यात सुदर्शनचं नाव होतं. ह्यांनी पेपर माझ्यापासून लपवून ठेवला होता. तुझं पत्र आलं तेव्हा मी त्यांना विचारलं.

विश्वजितशी बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिते, नाहीतर मी माझ्या मुलाची बाजू घेतेय असं तुला वाटेल.

मी म्हटलं, "सुदर्शनला परत घे."

"का? तो सुदर्शन आहे म्हणून?"

"तो खरं बोलतोय म्हणून. तू बघतो म्हणाला होतास."

"बघितलं मी. सेन्सर चालू केले तर माल निम्मा निघतो. मी पुण्याला दोनदा सांगितलं. ते म्हणाले, मग तिथला प्लांटच बंद करू, गुजरातेत जागा तयार आहे. सहाशे घरं आहेत आई. दोन बोटं की सहाशे घरं, हे तू ठरव आणि मला सांग. मी तसं करतो."

आशा, आयुष्यभर मी त्याला सांगत आले की अवघड निर्णय दुसऱ्यावर ढकलायचा नाही. त्या दिवशी त्यानं तो माझ्यावर ढकलला, आणि मी ताटं उचलायला लागले.

एवढं मात्र म्हणाला: सुदर्शननं माफी लिहून दिली आणि लोकांना आत आणलं, तर तो त्याला वाचवू शकेल. सेन्सरचं हळूहळू, एकेका मशीनचं करून घेईन म्हणाला. पण आत्ता माघार हवी, नाहीतर पुण्याचे लोक त्याचंही ऐकणार नाहीत.

तू सुदर्शनला सांगशील? आईचं ऐकेल.

मीनाक्षीताई


फुलंब्री
१६ सप्टेंबर २०२५

मीनाक्षीताई,

आज गेटवर जाऊन आले. मालक नको म्हणत होते, तरी गेले. भाकरी बांधून घेतल्या आन् एसटी पकडली. रूपा संगं होती.

सुदर्शनला मंडपाच्या मागं घेतलं आन् तुमचा निरोप सांगितला. त्यानं त्याच्या मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, म्हणजे मला नीट कळावं. पहिल्यांदा लिहिलं, "माफी कशाची?" मी म्हणलं, कशाची का असंना, लिहून दे आन् घरी चल. मग लिहिलं, "मला बी घरी यायचंय आई. रोज वाटतं पळून जावं. पण ही माणसं माझ्याकडं बघून बसलीत. मी उठलो तर ह्यांचं कोण?" आन् ताई, तो रडला. लेकराचा बाप झालेला गडी. मंडपाच्या कापडाला तोंड पुसलं आन् परत जाऊन मधी बसला, जसं काही झालंच नाय. ते अप्पाराव म्हणून म्हातारे कामगार हाईत, पुढच्या वर्षी रिटायर व्हायचे, ते त्याच्या शेजारी बसलेले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला तेवढंच बरं वाटलं.

आता मेन गोष्ट. मी निघताना विश्वजितची गाडी आली. तो खाली उतरला, एकटा, आन् सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला! माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. घाईनं बोलला, हळू. मला एक अक्षर कळलं नाय. त्याचं तोंड माझ्या कानाशी, ओठ तरी कसे दिसणार? पण एवढ्या माणसांत, एवढा मोठा साहेब वाकलेला, त्याला पुन्हा बोल म्हणायची मला लाज वाटली. मी मान हलवली. त्यानं बी मान हलवली, त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं, आन् आत गेला.

रूपा लांब होती. सुदर्शन विचारत होता काय म्हणला म्हणून, मी म्हणलं, तब्येत विचारली.

पण तेवढंच नसणार. त्याला विचारून मला लिहा. काहीतरी चांगलंच असंल, न्हाय तर पाया कशाला पडला असता?

तुमची,
आशा


पुंडलिकनगर
२४ सप्टेंबर २०२५

आशा,

तुझं पत्र मला वीस तारखेला मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला होता, "काकू, सुदर्शनला आजच्या आज घरी घेऊन जा. उद्या सकाळी माल बाहेर काढणार आहेत, पोलीस बोलावलेत. मला थांबवता येत नाही. काहीही करून त्याला आणि त्या म्हाताऱ्या माणसांना इथून न्या."

तुला ऐकू येत नाही हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तो घरात असतो कुठे, की चार गोष्टी सांगाव्यात?

"काकूंनी मान हलवली, आई," एवढंच तो म्हणतोय. "त्यांनी मान हलवली म्हणून मी निवांत आत गेलो." त्याला वाटलं, तू निरोप पोचवलास आणि तरी सुदर्शन हट्टानं बसून राहिला. मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. वाचलं, घडी घातली, आणि आंघोळीला गेला. नळ चालू होता, पण पाणी अंगावर पडल्याचा आवाज येत नव्हता.

अप्पाराव गेल्याचं ह्यांनी मला सांगितलं. ट्रक आले, पोलीस लोकांना बाजूला करत होते, सुदर्शन ओरडला "कुणी उठू नका", आणि मागच्यांनी पुढे रेटलं. त्यात ते पडले, डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. कुणी मारलं नाही म्हणतात. कुणीच मारलं नाही, आणि माणूस गेला.

सुदर्शनला पोलिसांनी धरून नेलं म्हणे, जामीन मिळाला का? मी यायला निघाले होते. चपला घातल्या आणि दारातून परत फिरले. कोणत्या तोंडानं येऊ? तू मला दाराबाहेर उभं केलं असतंस तरी चाललं असतं, पण तू तसं केलं नसतंस, ह्याची जास्त भीती वाटली.

हे सगळं तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नकोस. कुणामुळे झालं ते मला सांगता येत नाही, पण तुझ्यामुळे नाही.

मीनाक्षी


फुलंब्री
३० नोव्हेंबर २०२५

मीनाक्षीताई, पाया पडते.

दोन महिने लिहिलं नाय. हात धजला नाय. तुमचं ते पत्र मी मालकांना दाखवलं, रूपाला दाखवलं, सुदर्शनला नाय. मग एका दिवशी त्यालाच सापडलं. वाचून माझ्यापाशी आला, माझे दोन्ही कान हातात धरले, लहान पोराचे धरावेत तसे, आन् डोकं माझ्या डोक्याला लावून उभा राहिला. नंतर त्यानं त्या गोष्टीचं नाव बी काढलं नाय.

जामीन झाला. कोर्टाच्या तारखा चालू हाईत. माणूस गेल्यावर कंपनी नमली, तडजोड झाली, ते तुम्हाला कळलंच असंल. सगळ्या प्रेसवर सेन्सर चालू केले. सत्यमला बसून करायचं काम दिलं. सगळे आत गेले, सुदर्शन सोडून. ती अट कंपनीची होती, आन् सुदर्शनच म्हणला, मान्य करा. माणसं ऐकंनात, त्यानंच त्यांची समजूत काढली. आता मालकांसंगं शेतात जातो.

तुम्हाला वाटंल, जिंकला की. पण तो जेवत नाय नीट. अप्पारावांच्या घरी दर आठवड्याला जातो. त्यांची बायको त्याला चहा देती आन् समोर बसून राहती. तो म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी उठा म्हणलो असतो तर उठली असती ती माणसं," हे एकच डोक्यात घेऊन बसलाय. मी आई हाय, पण ते त्याच्या डोक्यातून काढायला मला कुठं हात घालता येतो?

रविवारी चपला अजून येत्यात. साहेब असं म्हणले, काय करू. तसं म्हणले, काय करू, असं त्याला विचारत्यात. नोकरी गेली तरी सेक्रेटरीपणा काही जाईना.

आता तुम्हाला विचारायचंय ते. मोनिकाला वर्गातल्या पोरांनी मॉनिटर केलं. हात वर करून निवडली. उड्या मारत घरी आली. सुदर्शन तिला म्हणला, "बाईंना सांग, मला नको." ती म्हणाली, "मग कोण करणार?" तो उठून बाहेर गेला. पोरगी माझ्याकडं आली, कानात ओरडून विचारती, "आजी, करू का नको?"

ताई, तुम्ही गल्लीतल्या सगळ्या पोरांना शिकवलं. सांगा, हिला काय सांगू?

तुमची,
आशा


पुंडलिकनगर
१० डिसेंबर २०२५

प्रिय आशा,

आईबाप माझ्याकडे यायचे, बाई, आमचं पोरगं बुजरं आहे, त्याला पुढं कसं आणायचं? माझ्याकडे उत्तर तयार असायचं. त्याला एखादं काम पूर्ण सोपवा, चुकू द्या, तुम्ही मधे पडू नका. मी हे इतक्या लोकांना सांगितलंय! ती पोरं मोठी होऊन एका गेटच्या दोन बाजूंना उभी राहिली तर काय करायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कधी स्वतःलाही विचारलं नाही.

मोनिकाला काय सांगायचं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ती माझ्याशिवायच तशी निघालीय. तिला मी काही शिकवलेलं नाही, सुदर्शन तर नको म्हणतोय, तरी तिनं विचारलंच, मग कोण करणार. यावर आपण काय बोलणार?

पुण्याला गेल्या आठवड्यात कंपनीचा समारंभ झाला. विश्वजितला स्टेजवर बोलावून सन्मानचिन्ह दिलं, अवघड काळात खंबीर नेतृत्व केल्याबद्दल. ह्यांनी विचारलं, कुठंय ते, शोकेसमध्ये ठेवू. तो म्हणाला, गाडीत आहे. अजून गाडीतच आहे. स्वराली बाळाला घेऊन आलीय. तो बाळाला घेतो, पण लगेच परत देतो. नोकरी सोड असं मी एकदा म्हटलं. म्हणाला, "मी गेलो तर जो येईल, तो सेन्सर पहिल्या महिन्यात बंद करेल." मग मी तेही बोलणं सोडलं.

रविवारी मी येते. तुला भेटल्याशिवाय आता राहवत नाही. बसनं येणार होते. विश्वजित म्हणाला, मी सोडतो. पण गाडीतून उतरणार नाही म्हणालाय. मी त्याला चल म्हणणार नाही आणि नको येऊ असंही म्हणणार नाही. काही सांगायचा मला आता धीरच होत नाही.

तुझी,
मीनाक्षीताई


फुलंब्री
१५ डिसेंबर २०२५

मीनाक्षीताई, पाया पडते.

काल तुम्ही आलात, आपण दोघी नुसत्या हात धरून बसलो. मला ऐकू येत नाय आन् तुम्हाला बोलवत नव्हतं, बरंच झालं. पण तुम्ही रूपासंगं आत होता तेव्हा बाहेर काय झालं ते तुम्हाला दिसलं नाय. मी दारात होते. विश्वजित तुम्हाला सांगणार नाय, म्हणून लिहिते.

गाडी रस्त्याच्या पलीकडं उभी होती. मोनिकानं विचारलं, आत कोण बसलंय? मी म्हणलं, मीनाक्षीआजीला घेऊन आलेत ते. ती तांब्याभर पाणी घेऊन गेली. मी पाठवलं नाय, तिची तीच गेली. काच वाजवली. त्यानं काच खाली केली, पाणी प्याला, मग दार उघडून उतरला. तिच्याशी काहीतरी बोलत होता, ती हात हलवून हलवून सांगत होती.

तेवढ्यात सुदर्शन शेतातनं आला. फाटकापाशी थांबला. विश्वजितनं त्याला बघितलं. ताई, दोघांच्या मधी एवढासा रस्ता. मला वाटलं, आता एक जण पाय टाकल. मी देवाचं नाव घेतलं. सुदर्शनचा हात फाटकाच्या कडीवर होता. विश्वजित एक पाऊल पुढं आला आन् थांबला. मग सुदर्शननं मान खाली घातली, विश्वजितनं बी घातली, जसं काही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. सुदर्शन मागच्या वाटेनं गोठ्याकडं गेला. विश्वजित गाडीत बसला.

पोरगी रस्त्यात तशीच उभी. ह्या बाजूला बघती, त्या बाजूला बघती.

तुम्ही गेल्यावर जेवताना तिनं बापाला विचारलं. माझ्या समोरच बसली होती, म्हणून तिचे ओठ मला नीट दिसले. "पप्पा, त्ये काका म्हणले, मी तुझ्या पप्पांचा दोस्त. दोस्त हाय तर आत का नाय आले?"

सुदर्शन भाकरी मोडत राहिला. मालकांनी माझ्याकडं बघितलं. तिनं बी माझ्याकडं बघितलं. मला ऐकू येत नाय असं दाखवून मी खाली बघून जेवत राहिले.

मग ती उठून आली आन् माझ्या कानात ओरडून म्हणाली, "पुढच्या खेपंला मीच हात धरून आणते त्यांला."

बाईंना तिनं आपणच हो सांगितलंय, उद्यापासून मॉनिटरचं काम तिच्याकडं हाय. शाळेचा गणवेश आत्ताच काढून ठेवलाय तिनं.

तुमची,
आशा